एका पलंगाचं भाडं: गोव्यात हॉस्टेलवर पहिल्यांदा राहणाऱ्यांसाठी

"गोव्याला हॉस्टेलवर राहणार आहे," असं मी घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कॉलेज सोडून तुला बारा वर्षं झाली ना गं?" तिच्या डोळ्यांपुढे रेक्टरबाई, मेसची पातळ आमटी आणि रात्री नऊला बंद होणारं फाटक. मग मी फोटो दाखवले. भिंतभर रंगवलेला मासा, अंगणात झोपाळा, लाकडी दुमजली पलंग आणि प्रत्येक पलंगाला पडदा. "छान आहे की," ती म्हणाली, आणि लगेच, "पण खोलीतले बाकीचे पाच जण कोण?"

प्रश्न रास्त होता. खोलीत चार, सहा, आठ, कधी बारा पलंग. अशा खोलीला डॉर्म म्हणतात, आणि तुम्ही त्यातल्या एका पलंगाचं भाडं भरता. बाथरूम सगळ्यांची मिळून. बाकी रिसेप्शन, कॅफे, वायफाय, धुतलेली चादर हे सगळं हॉटेलासारखं. कल्पना मूळची जर्मनीतली. रिशार्ड शिरमान नावाच्या शिक्षकाला 1909 मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीवर असताना वादळाने गाठलं, रात्र एका शाळेत काढावी लागली आणि तिथे ही गोष्ट सुचली. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू झालं. भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशन जुनी आहे. हिमाचलातला सारपासचा ट्रेक त्यांच्याबरोबर केलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. पण रंगीत भिंती, बीनबॅग, फोटोत देखणी दिसणारी खासगी हॉस्टेलं आपल्याकडे गेल्या दहा-बारा वर्षांतली.

खरं सांगायचं तर मराठी माणसाला यातलं अवघड काही नाही. शेगावच्या भक्तनिवासात राहिलेला, लग्नघरी हॉलभर गाद्या टाकून झोपलेला माणूस डॉर्ममध्ये सहज झोपतो. फरक एवढाच की शेजारच्या गादीवर आत्या नसते.

आधी हिशोब, मग बुकिंग

एकटे जात असाल तर हॉस्टेलसारखं स्वस्त दुसरं काही नाही. मी गोव्यात पावसाळ्यात साडेचारशेला पलंग घेतलाय आणि डिसेंबरच्या मध्याला तसाच पलंग बाराशेला. नाताळ ते 31 डिसेंबर या आठवड्याचे भाव तर मी बघतसुद्धा नाही. शुक्रवार-शनिवारचा दर सोमवार-मंगळवारपेक्षा वेगळा असतो, तेव्हा रविवारी पोचून गुरुवारी निघता आलं तर बघा.

दोघं असाल तर कागदावर आकडे मांडा. सातशेचे दोन पलंग म्हणजे चौदाशे. ऑक्टोबरात किंवा जूनमध्ये हणजूणच्या (म्हणजे अंजुनाच्या) आतल्या रस्त्यावर एखादं घरगुती गेस्टहाउस एवढ्यात स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र बाथरूम देतं. मग हॉस्टेल कशाला? माणसं भेटावीत म्हणून जायचं असेल तर जा. फक्त पैसे वाचवायला जात असाल तर दोघांचं गणित बहुतेक वेळा जुळत नाही, आणि चौघांच्या कुटुंबाचं तर नाहीच. शिवाय बहुतेक हॉस्टेलं 18 वर्षांखालच्यांना डॉर्ममध्ये घेत नाहीत. मुलं बरोबर असतील तर हा लेख इथेच सोडा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना रिसेप्शनवर उभं राहिल्यावर कळते. अनेक हॉस्टेलं त्याच शहरातला किंवा त्याच राज्यातला पत्ता असलेल्या माणसाला डॉर्म देत नाहीत. गोव्याचा पत्ता असलेल्याला गोव्यात नकार मिळतो आणि डोंबिवलीच्या माणसाला मुंबईत. "एक रात्र मुंबईतच हॉस्टेलवर राहून सराव करते" असा माझ्या मैत्रिणीचा बेत होता, तो आधार कार्डावरच्या पत्त्याने मोडला. नियम प्रत्येक ठिकाणी असतोच असं नाही. पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या अटींत वाचा किंवा सरळ फोन करा.

कुठे उतरायचं

गोवा लहान आहे असं म्हणत आपण चुकीच्या टोकाला बुकिंग करतो. मग रोज स्कूटरवर दोन तास जातात.

हणजूण, वागातोर, शापोरा हा उत्तरेचा पट्टा. हॉस्टेलं सगळ्यात जास्त इथेच. तरुण गर्दी, कॅफे, रात्रीचं संगीत. ॲपवर "अंजुना" लिहिलेलं दिसलं तरी नकाशा मोठा करून बघा, पुष्कळदा जागा आसगावात निघते. आसगाव सुंदर आहे, शेतं आहेत, पण तिथून समुद्र चालत गाठायचा म्हणजे पाय दुखणार. थोडं वर पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल. तिथे लोक आठवडाभर मुक्काम ठोकतात, योगाची चटई घेऊन येतात. दक्षिणेला काणकोणात पाळोळे, शांत आणि अर्धवर्तुळाकार किनारा. समुद्रापेक्षा जुनी घरं आवडत असतील तर पणजीत फोंतेन्यासच्या आसपास बघा. पिवळ्या-निळ्या भिंतींच्या त्या गल्ल्यांत सकाळी सात वाजता, फोटोवाले यायच्या आत, फिरण्यासारखं सुख नाही. पहिल्यांदा हॉस्टेलवर जाणाऱ्या एकट्या बाईला मी पणजीच सुचवते. बसस्टँड जवळ, रात्री चालत परत येता येतं आणि स्कूटर घ्यावीच लागत नाही.

फोटो कशाचे नाहीत ते बघा

सगळ्या देखण्या हॉस्टेलांचे फोटो एका साच्यातले असतात. झोपाळा, गिटार, भिंतीवरचं चित्र, कॉफीच्या कपावरचा फेस. हे सगळं खोलीबाहेरचं. तुम्ही रात्रीचे आठ तास आणि ऊन चढल्यावर दुपारचे दोन तास त्या पलंगावर असणार, म्हणून पलंगाचा फोटो शोधा. तो सापडला की इतक्या गोष्टी तपासा: प्रत्येक पलंगाला स्वतःचा दिवा आणि चार्जिंगचा सॉकेट आहे का, पडदा आहे का, वरच्या पलंगाला कठडा किती उंच आहे, शिडी लोखंडी गोल दांड्यांची की सपाट लाकडी पायऱ्यांची. गोल दांडी ही क्षुल्लक गोष्ट वाटते. रात्री दोनदा अनवाणी खाली उतरा, मग तळवे सांगतील.

लॉकर कुठे आहे तेही बघा. पलंगाखालच्या खेचायच्या पेटीत मोठी बॅग मावते. भिंतीतल्या छोट्या कपाटात लॅपटॉप आणि पाकीट, बस्स. बाथरूमचा फोटो एकही नसेल तर मी त्या जागेचा विचार सोडते. असाच विचार न सोडल्याची एक आठवण आहे. एका ठिकाणी पोहण्याच्या तलावाचे सहा फोटो होते, बाथरूमचा एकही नाही. पोचले तेव्हा तलावात शेवाळ, आणि चौदा जणांत दोन बाथरूम, त्यातल्या एकीची कडी तुटलेली. एका हाताने दार धरून तीन दिवस आंघोळ केली.

रिव्ह्यू वाचताना "नवे आधी" असं लावा. हॉस्टेलांत बरीच मुलं-मुली स्वयंसेवक म्हणून येतात, पलंग आणि जेवणाच्या बदल्यात महिनाभर रिसेप्शन सांभाळतात आणि पुढच्या गावी जातात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या रिव्ह्यूत ज्या हसतमुख माणसाचं कौतुक आहे तो आता तिथे नाही. पाच तारे देऊन फक्त कर्मचाऱ्यांची नावं घेतलेली असतील तर ते चेक-आउटला हातात फोन देऊन लिहून घेतलेलं समजा. मी तीन आणि चार ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचते. तिथे खरी माणसं असतात: "एसी रात्री अकरा ते सकाळी आठच चालू", "बाजूला बांधकाम आहे", "नाश्त्याला रोज तेच". ढेकूण, लॉकर, गरम पाणी, आवाज हे शब्द शोधाच. पावसाळ्यात जाणार असाल तर गेल्या पावसाळ्यातले रिव्ह्यू वाचा. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी खोली जुलैत कुबट वास मारते. जुलैत मी एसी डॉर्मचे शंभर-दोनशे जास्त देते, ते गारव्यासाठी नव्हे तर हवा कोरडी राहावी म्हणून.

बुकिंग

मिक्स डॉर्म की फीमेल डॉर्म, हा पहिला प्रश्न. फीमेल डॉर्म थोडं महाग, पण बाथरूम बहुधा खोलीला लागून असते. मी दोन्हींत राहिलेय. मिक्समध्ये वाईट अनुभव आला नाही, पण पहिल्या वेळेला फीमेलच घ्या. झोप लागली पाहिजे. पलंगांची संख्या जितकी कमी तितकं भाडं जास्त. सहा पलंगांची खोली मला बरोबर वाटते. चारमध्ये तिघं मित्र एकत्र आले की चौथा माणूस पाहुणा होतो, आणि बारामध्ये रात्रभर कुणीतरी येत-जात असतं.

ॲपवर दर बघा आणि मग हॉस्टेलच्या स्वतःच्या साइटवरही बघा, बरेचदा थोडं स्वस्त पडतं. दिसणारा आकडा कराशिवायचा असू शकतो. दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या भाड्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे. टॉवेल, कुलूप, नाश्ता यांचे पैसे वेगळे का, ते खालच्या बारीक अक्षरांत असतं. पहिल्या वेळेला "पैसे परत नाहीत" हा स्वस्त पर्याय घेऊ नका, आणि सगळ्या रात्री एकाच ठिकाणी घेऊ नका. दोन रात्री घ्या. आवडलं तर वाढवता येतं; हंगामाबाहेर पलंग मिळतोच.

खालचा पलंग हवा असेल तर बुकिंग झाल्याबरोबर मेसेज करा. गुडघे दुखतात, रात्री उठावं लागतं असं काही कारण असेल तर तेही लिहा. दिला तर बरं. नाही दिला तरी निदान एसीच्या झोताखालचा वरचा पलंग टाळा. त्या पलंगावर डोक्याला पंचा गुंडाळून झोपावं लागतं.

बॅगेत काय

चाकांची सूटकेस घरी ठेवा. लॉकरमध्ये जात नाही, दोन पलंगांमधल्या वाटेत अडकते आणि लाल मातीच्या रस्त्यावर चालत नाही. पाठीवरची एक बॅग पुरे.

कुलूप स्वतःचं न्या आणि त्याची कडी बारीक असू द्या. मी पहिल्यांदा घरचं दणकट कुलूप नेलं होतं. लॉकरच्या भोकात त्याची कडीच जाईना, शेवटी काउंटरवरून शंभर रुपयांना दुसरं घ्यावं लागलं. आकड्यांचं कुलूप सोयीचं, किल्ली समुद्रात पडायची भीती नाही.

टॉवेलऐवजी पंचा. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. परदेशी मुलं तीन हजारांचा "पटकन वाळणारा टॉवेल" घेऊन येतात. आपल्या आजोबांच्या खांद्यावरचा पंचा त्याच्याआधी वाळतो, मुठीत मावतो, उन्हात डोक्याला होतो, बसमध्ये मानेखाली होतो आणि ज्या डॉर्मला पडदे नसतात तिथे वरच्या पलंगाच्या फळीत खोचला की पडदाही होतो. दोन न्या.

बाथरूमसाठी रबरी चप्पल, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, दोन मीटरची चार्जिंग वायर. कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी कापडी पिशव्यांत भरा. का ते रात्रीच्या भागात येईल. किटली आणि इंडक्शन शेगडी नेऊ नका. डॉर्ममध्ये चालत नाही आणि एकाच्या मॅगीपायी सहा जणांची वीज जाते. मेतकूट-भाताचे बेतही रद्द. गोव्यातल्या पुष्कळ हॉस्टेलांत कॅफे असतो, पाहुण्यांना वापरायला स्वयंपाकघर नसतं. (किनाऱ्यावर शेगडी पेटवून स्वयंपाक करण्याचा विचार तर करूच नका. गोव्यात उघड्यावर स्वयंपाक आणि उघड्यावर दारू, दोन्हींना कायद्याने बंदी आहे आणि दंड होतो.)

ओळखपत्र मूळ हवं: आधार, पासपोर्ट, मतदार कार्ड किंवा लायसन. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची प्रत व्हॉट्सॲपवर मागतील तेव्हा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून ठेवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

पोचण्याचा दिवस

मुंबईहून कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी गोव्यात. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, मे आणि डिसेंबरसाठी त्याच दिवशी सकाळी बसा. उत्तरेच्या पट्ट्यासाठी थिवी, पणजीसाठी करमळी, दक्षिणेसाठी मडगाव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात, तेव्हा जुन्या वेळा गृहीत धरू नका.

थिवीला उतरलात की टॅक्सीवाले घेरतील. एकटे असाल आणि बॅग पाठीवर असेल तर पायलट शोधा. पायलट म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची. भाडं बसण्याआधी ठरवा. म्हापशापर्यंत पायलट किंवा बस, तिथून हणजूणची बस. पाटी मराठीत "हणजूण" असू शकते, घाबरू नका, तेच ते. आणि मराठीतच बोला. कोकणी माणसाला मराठी समजते. हिंदीत विचारलेल्या भावात आणि मराठीत विचारलेल्या भावात फरक पडतो असा माझा अनुभव आहे, पैज मात्र लावणार नाही. संध्याकाळी सात-आठनंतर बस विरळ होतात, एवढं डोक्यात ठेवा.

आता मुख्य अडचण. तुम्ही सकाळी नऊ-दहाला दारात, आणि चेक-इन दुपारी एक किंवा दोनला. नवखा माणूस इथे हिरमुसतो. खरं तर काही अडत नाही: नाव सांगा, बॅग रिसेप्शनमागे ठेवायला द्या आणि बाहेरच्या बाथरूममध्ये आंघोळ करता येईल का विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. म्हणून रेल्वेतच बॅगेच्या वरच्या कप्प्यात पंचा, साबण आणि एक कपड्यांचा जोड काढून ठेवा, म्हणजे सगळी बॅग लॉबीत उपसावी लागत नाही. पैसे आणि ओळखपत्र मात्र अंगावरच. मग जवळच्या साध्या हॉटेलात जाऊन पातळभाजी-पाव खा. हॉस्टेलच्या कॅफेत तीनशेला मिळणाऱ्या स्मूदी बोलपेक्षा तो पोटाला जास्त धरतो.

पलंगापाशी पहिली दहा मिनिटं

खोलीत शिरल्यावर आडवं पडायची घाई करू नका. चादर एका कोपऱ्याला उचला, गादीची शिवण आणि पलंगाची फट मोबाइलच्या उजेडात बघा. ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तपकिरी असतो. तो स्वतः दिसला नाही तरी शिवणीवर बॉलपेनने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके दिसतात. दिसले तर फोटो काढा, बॅग पलंगावर न टेकवता रिसेप्शनवर जा आणि दुसरी खोली मागा. त्याच खोलीतला शेजारचा पलंग घेऊ नका. घरी गेल्यावर कपडे कडकडीत गरम पाण्यात धुवा. हे सगळं महागड्या हॉटेलातही करावं, ढेकणाला भाड्याशी देणंघेणं नसतं.

मग सॉकेट चालतो का, दिवा लागतो का, लॉकर बंद होतो का. तीनही आत्ताच बघा, कारण रात्री अकराला तक्रार ऐकायला तिथे एकच झोपाळलेला मुलगा असतो. पाकीट, पासपोर्ट, लॅपटॉप लॉकरमध्ये. फोन रात्री उशाखाली किंवा भिंतीकडच्या फटीत. पलंगाच्या कडेला चार्जिंगला लोंबत ठेवू नका.

खोलीत कुणी असेल तर "हाय" म्हणा, नाव सांगा. एवढ्याने पुढचे तीन दिवस सोपे होतात. तुमचं लॉकर उघडं राहिलं तर तोच माणूस सांगेल. आपल्याकडे ओळख झाली की "तुम्ही मूळचे कुठले" पासून पगारापर्यंत जायची सवय असते, तेवढी आवरा.

रात्र

डॉर्ममधली भांडणं पैशांवरून होत नाहीत, आवाजावरून होतात. आणि सगळ्यात वाईट आवाज घोरण्याचा नाही. पहाटे पाचला, अंधारात, प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून मोजे शोधणाऱ्या माणसाचा. कुरकुर, कुरकुर, थांबणं, तुम्हाला वाटतं संपलं, आणि पुन्हा कुरकुर. तो माणूस हळू करायचा प्रयत्न करत असतो म्हणून ते जास्त वेळ चालतं. चिवड्याच्या पिशवीलाही हेच लागू. फराळ बाहेर अंगणात बसून खा, दोघांना द्या.

म्हणून झोपायला जाण्याआधी, दिवे चालू असताना, एका छोट्या कापडी पिशवीत ब्रश, रात्रीचे कपडे, चार्जर, पाण्याची बाटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे कपडे काढून उशाशी ठेवा. मोठी बॅग बंद. पुढचे आठ तास तिची चेन उघडायची नाही.

गजर कंपनावर आणि फोन हाताशी. हे मी स्वतःच्या चुकीने शिकले. सकाळच्या बससाठी साडेचारचा गजर लावला होता, जाग चारलाच आली म्हणून आंघोळीला गेले आणि फोन वरच्या पलंगावर राहिला. परत आले तर पाच माणसं उठून बसलेली आणि त्यातला एक, मला वाटतं केरळचा असावा, माझ्या शिडीवर उभा राहून उशांखाली फोन शोधतोय. मी सगळ्यांना सॉरी म्हटलं. कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

स्वतः घोरत असाल तर? दोन मार्ग आहेत. एक, तिथलीच स्वतंत्र खोली घ्या. बहुतेक हॉस्टेलांत दोन-चार असतात आणि कॉमन एरियाचा आनंद तोच मिळतो. दुसरा, माझा एक मावसभाऊ करतो तो. तो कानात घालायच्या बोळ्यांची डझनभर पाकिटं घेऊन जातो आणि खोलीत शिरताना प्रत्येकाला एक-एक वाटतो. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

वागातोर-हणजूणला बाहेरून येणारी धडधड वेगळी. उघड्यावरचे स्पीकर रात्री दहानंतर बंद असा नियम आहे, पण बंद दारामागचं संगीत जमिनीतून पलंगापर्यंत येतं. नकाशावर जवळ क्लब दिसला तर ते हॉस्टेल फक्त त्या क्लबात जाणाऱ्यांसाठी.

अंगण, माणसं आणि "नाही" म्हणणं

कॉमन एरिया ही हॉस्टेलची खरी मिळकत. संध्याकाळी सहा-सातला तिथे पुस्तक घेऊन बसा, हेडफोन न लावता. अर्ध्या तासात कुणीतरी विचारतं, "शापोरा किल्ल्यावर येणार का?" स्कूटर वाटून घेतली की भाडं निम्मं. स्कूटर घेताना पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना बघा. भाड्याच्या गाडीची खूण तीच. पांढऱ्या पाटीची घेतलीत तर पोलिसांनी अडवल्यावर वाद घालायला जागा राहत नाही. हेल्मेट घाला, घेण्याआधी ओरखड्यांचा व्हिडिओ काढा.

हॉस्टेलचे लोक रोज काहीतरी ठेवतात, कधी पत्ते, कधी गाण्याची रात्र, कधी बारची फेरी. आग्रह होतो. "नको, मी झोपते" एवढं पुरतं, कारणं देत बसू नका. समोरून येणाऱ्या ग्लासाला नाही म्हणायचं असेल तेव्हाही तेच, आणि आपला ग्लास सोडून जायचं नाही. कुणी खोलीत नकोसं वागलं तर सकाळपर्यंत थांबू नका. लगेच रिसेप्शनवर जा, खोली बदलून मागा, नाही बदलली तर 112 लावा. मला गोव्यात ही वेळ आली नाही. पण रिसेप्शनचा नंबर मी पहिल्या दिवशीच फोनमध्ये टाकते आणि घरी पत्त्याचा पिन पाठवून ठेवते.

पावसाळ्यात गेलात तर समुद्रात उतरू नका. जीवरक्षकांचा लाल बावटा असतो तो शोभेसाठी नाही. त्या दिवसांत अंगणात बसून पाऊस बघा. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याचा "पों पों" ऐकू आला की पळत जाऊन गरम पोय (गोव्याचा गोल पाव) घ्या. बाजूच्या पलंगावरच्या माणसाला अर्धी दिलीत की संध्याकाळचा चहा तो पाजतो.

निघताना

चेक-आउट सकाळी दहा-अकराला, कोकणकन्या संध्याकाळी. पुन्हा तोच मधला वेळ, पुन्हा बॅग रिसेप्शनमागे. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो, त्या दिवशी निघत असाल तर काजू, सुकं, चौरिस (गोव्याचं पोर्क सॉसेज) असं सगळं तिथेच होतं. सुकी मासळी घेतलीत तर तीन पदरी बांधून घ्या आणि बॅग रिसेप्शनमागे ठेवताना आत काय आहे ते सांगा. एसी खोलीत बंद बांगड्याचा वास काय करतो ते त्या मुलांना माहीत असतं.

कुलूप काढा, डिपॉझिट भरलं असेल तर परत मागा. उशी उचलून बघा, सॉकेटमधला चार्जर बघा, बाथरूमच्या खुंटीवर काही टांगलंय का बघा. आणि अंगणातल्या दोरीवर नक्की नजर टाका. माझे तीन पंचे गोव्यातल्या तीन वेगवेगळ्या दोऱ्यांवर राहिलेत. त्यातल्या एकाला मागच्या खेपेला गेले तेव्हा कॅफेतल्या मुलाने खांद्यावर टाकलेलं पाहिलं. छान शोभत होता, मागितला नाही.